हिरव्या पट्ट्यातला काटा

७ एप्रिल १९६३, रविवार

आजपासून रोजनिशी लिहिणार. जानेफळात आज जे घडले त्याची पुढेमागे कोणीतरी नोंद मागेल, आणि इंटर सायन्सपर्यंत गेलेला (दोनदा) गावात मी एकटाच आहे.

अर्जुनराव पाटलांनी आपली जुनी मोटार गावाला दान दिली. आजारी माणसाला मेहकरच्या दवाखान्यात नेण्यासाठी आता बैलगाडी जुंपायला नको. मोटार दोन वर्षे कापसाच्या कोठ्यात उभी होती. मागच्या बाकावर कोंबड्या अंडी घालत. पाटलांनी स्वतः उभे राहून ती धुऊन घेतली. लगेच 'जानेफळ आरोग्यसेवा मंडळ' स्थापन झाले. अध्यक्ष पाटील, उपाध्यक्ष रंगराव किराणावाले, चिटणीस व यंत्रविषयक सल्लागार मी. ड्रायव्हर तुळशीराम. लढाईच्या वेळी त्याने ब्रह्मदेशात फौजेचे ट्रक हाकले आहेत, त्यामुळे त्याला थोडे कळते, पण शास्त्रोक्त नाही.

उद्घाटन एक मे रोजी, महाराष्ट्र दिनी. पत्रिका छापायला गेल्या.

घरी बायकोला, शालूला सांगितले. तिला आठवा महिना चालू आहे. “तुझेच बाळंतपण या मोटारीचे पहिले मोठे काम ठरेल,” असे म्हणालो. ती तांदूळ निवडत होती. “पाहू,” म्हणाली. बायकांना यंत्रयुगाचे कौतुक जरा उशिराच कळते.

९ एप्रिल, मंगळवार

मोटार चालवून पाहिली. मेहकर रस्त्याने चार मैल जाऊन परत. परतताना तुळशीरामने गाडी हळू केली आणि समोरच्या फळीवरच्या एका लहान घड्याळाकडे बोट दाखवले.

“भाऊ, हे पाहा. काटा झोपला.”

हे घड्याळ वेळेचे नव्हे. इंजिनात तेल फिरते. ते किती जोराने फिरते, हे हा काटा पौंडांत सांगतो. चकतीवर शून्यापासून ऐंशीपर्यंत आकडे. निघताना काटा पस्तिसावर होता, इंजिन तापल्यावर आठावर आला. तुळशीरामच्या मते तो चालत्या गाडीत तिसाच्या खाली यायलाच नको.

“मग काऊन येतो?” मी विचारले. (त्याच्याशी बोलताना माझी भाषाही बिघडते.)

“आतले बेअरिंग झिजले ना. तेल जोरच धरत नाई. खामगावले नेऊन इंजिन खोलावं लागते. महिना तं धराच.”

“आणि तसेच चालवले तर?”

“चालते. जवर चालते तवर चालते. मंग एक दिवस इंजिन धरते. भर रस्त्यात आतल्या आत जाम होऊन बसते.”

संध्याकाळी हे पाटलांच्या कानावर घातले. त्यांनी पानाची पिंक टाकली.

“महिना? एक तारखेले पाहुणे येऊन राह्यले. अन् म्हन्ता का माही मोटार आजारी हाये? दवाखान्याची मोटारच दवाखान्यात?”

रंगराव हसले. पाटील हसत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी हसू खोकल्यात बदलले.

तेव्हा मी म्हणालो, “कदाचित इंजिन ठणठणीत असेल आणि काटाच खोटा असेल.”

पाटलांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जशी माझ्या मॅट्रिकच्या निकालानंतर कोणीही माझ्यावर टाकली नव्हती.

१२ एप्रिल, शुक्रवार

'तेलदाब काटा निवड उपसमिती' नेमली गेली. सदस्य मी व रंगराव. तुळशीरामला घेतले नाही, कारण काट्याविषयी त्याचे मत आधीच बनलेले आहे आणि निवड निःपक्षपाती व्हायला हवी. तो दाराशी उभा राहून एवढेच म्हणाला, “घड्याळ बदला, पन बदलाचं तं खरं बोलनारं आना.”

रंगराव म्हणाले, “हाव, खरंच आनू.” मग पाटील म्हणाले, “चांगलं आना.” रंगराव म्हणाले, “हाव, चांगलंच आनू.”

१७ एप्रिल, बुधवार

काल मलकापूरला गेलो, आज परत आलो. राजूरच्या घाटात बस लागली. ते तपशील लिहीत नाही.

स्टेशनाजवळ नारायणराव म्हणून एक गृहस्थ मोटारींचे आणि पंपांचे सुटे भाग विकतात. चष्मा कपाळावर, बोटे काळी. त्यांनी तीन घड्याळे फळीवर मांडली. पहिले आमच्यासारखेच, ऐंशीपर्यंत आकड्यांचे, कोरे. दुसरे ट्रकचे, शंभरपर्यंत. तिसरे देखणे, पितळी कड्याचे, पण आकडे पंधरापर्यंतच.

“हे मोटारीचं नव्हे,” नारायणराव म्हणाले. “विहिरीवरच्या इंजिनचं हाये. ते धीम्या चालीचं, त्याले तेवढाच दाब पुरते. तुमच्या गाडीले दाब किती पाह्यजे?”

“तीस.”

“अन् येते किती?”

“ते तुमचे घड्याळ ठरवेल,” मी म्हणालो.

“मले वाटलं इंजिन ठरवते,” असे म्हणून ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. दुकानदार लोकांना मुद्द्याचे बोलण्याची सवय नसते. तिन्ही घड्याळे पसंतीवर घेऊन आलो.

१९ एप्रिल, शुक्रवार

आज परीक्षा. पाटलांच्या अंगणात इंजिन अर्धा तास तापवले. चाचणीची पद्धत मी आखली होती. तुळशीरामने एकेक घड्याळ जोडायचे आणि मी आकडा वाचून वहीत मांडायचा. गावातली वीसपंचवीस माणसे जमली होती.

पहिले घड्याळ: आठ.

दुसरे घड्याळ: आठ. शंभराच्या चकतीवर तर हा आठ इतका केविलवाणा दिसत होता, की पाटलांनी तोंड फिरवले.

तिसरे घड्याळ: आठ. पण येथे चकतीच पंधराची! काटा सरसर चढला आणि मध्यावर येऊन उभा राहिला. लोकांनी “आँ” केले.

पाटील खुर्चीवरून उठून जवळ आले. “हे बरं हाये. याचा काटा उभा हाये.”

“एकदम ताठ,” रंगराव म्हणाले.

तुळशीराम चिंध्यांना हात पुसत म्हणाला, “मालक, तिथं आठ होते, इथंबी आठच हाये. तिन्ही घड्याळं एकच गोष्ट सांगून राह्यले.”

“पन हे कसं सांगते ते पाह्य ना बे,” पाटील म्हणाले.

मी ठराव लिहिला: 'तिसऱ्या घड्याळाचा काटा चकतीच्या निम्म्याहून वर राहतो, सबब मोटारीच्या प्रकृतीस तेच अनुरूप होय.' सर्वानुमते मंजूर. पाटलांनी खांद्यावर हात ठेवून “उकंडराव, शिकल्याचं चीज केलं तुमी” असे पंचवीस माणसांसमोर म्हटले. वडील असते तर बरे झाले असते.

२० एप्रिल, शनिवार

ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. आठ म्हणजे आठच. तीन घड्याळांनी एकच आकडा दाखवला, तेव्हा घड्याळ खोटे नाही, एवढे मलाही कळते.

पण ठराव झाला आहे. आणि तिसाचा आकडा तरी कोणी पाहिला? तो तुळशीराम सांगतो म्हणून. ब्रह्मदेशातली हवा वेगळी, इथली वेगळी.

वही ट्रंकेत तळाशी ठेवतो.

२२ एप्रिल, सोमवार

पाटलांना आकडे खटकत होते. “पाहुने शिकलेले येतीन, उगीच वाचत बसतीन.” म्हणून निवृत्ती पेंटरला बोलावले. त्याने काच काढून चकतीवर हिरवा पट्टा ओढला. मी सहापासून सांगितला होता. पाटील म्हणाले, जरा आधीपासून घे. शेवटी तो तिनापासून थेट पंधरापर्यंत गेला आणि सगळे आकडे त्याखाली दिसेनासे झाले. मधोमध सुबक अक्षरात 'ठीक' लिहिले.

“लाल कुठं लावू?” निवृत्तीने विचारले.

“दवाखान्याच्या गाडीत लाल काऊन?” पाटील म्हणाले. “पेशंट घाबरतीन.”

उरलेल्या हिरव्या रंगात निवृत्तीने दारावर पाटलांच्या वडिलांचे नाव लिहिले.

२५ एप्रिल, गुरुवार

आज माझा अपमान झाला. तो कोणी केला हे लिहायलाही संकोच वाटतो.

परवा तुळशीराम घरी आला होता. शालूने त्याला चहा दिला आणि दाराआडून विचारले, “भाऊ, तुमच्या घरवालीची अशी वेळ असती तं तिले ह्या मोटारीतून नेलं असतं काय?” तुळशीरामने बशीतला चहा संपवला, बशी धुऊन ठेवली आणि गेला. ड्रायव्हर लोकांना संभाषणाची कला नसते.

आणि आज, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी, शालूचा भाऊ बैलांची दमणी घेऊन दारात हजर! ती मेहकरला अन्नपूर्णामावशीकडे निघाली. मावशीचे घर दवाखान्यापासून दोन गल्ल्यांवर आहे.

“अगं, अजून महिना आहे. वेळ आली की मोटारीने पाऊण तासात नेतो.”

“दमणी बरी,” ती म्हणाली. “बैल थकले तं दिसते.”

मंडळाच्या चिटणिसाची बायको सगळ्या गावादेखत, भर बाजाराच्या रस्त्याने, बैल जुंपून दवाखान्याकडे निघाली. रंगराव दुकानातून पाहत होते. मी त्यांना सांगितले, तिला आखाजीला मावशीकडे जायचे आहे. ते म्हणाले, “हाव, आखाजीलेच.”

१ मे, बुधवार

उद्घाटन थाटात झाले. मेहकरचे मोठे पाहुणे आले. फीत कापली. पाटलांचे पाऊण तास भाषण झाले आणि तेवढा वेळ मोटार चालू ठेवली होती, म्हणजे लोकांना आवाज ऐकू यावा. पाहुण्यांनी आत डोकावून “हे काय?” असे विचारले. मी म्हणालो, “मोटारीच्या प्रकृतीचे मापक.” त्यांनी 'ठीक' हा शब्द मोठ्याने वाचला आणि टाळ्या वाजवल्या. मग सर्वांनी वाजवल्या.

शालू असती तर तिने पाहिले असते.

६ मे, सोमवार

तीन फेऱ्या झाल्या. रंगरावांच्या सासऱ्यांची दाढ, एक मोडलेला हात आणि पाटलांचे एक साडू, ज्यांना मेहकरला नुसतेच जायचे होते.

तुळशीराम तेलाचा मोठा डबा पायाशी ठेवतो आणि मैला-दोन मैलांनी उतरून काहीतरी तपासतो. रुग्णांवर याचा वाईट परिणाम होतो. डबा ठेवण्यास मंडळातर्फे लेखी मनाई केली. त्याने कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला. “आवाज येऊन राह्यला भाऊ. खालून. टक टक,” एवढेच म्हणाला. मला आला नाही. मी काट्याकडे पाहत होतो.

११ मे, शनिवार

जसे घडले तसे लिहितो.

दुपारी पाटलांच्या घरून बोलावणे आले. आमरसाचे जेवण झाले होते आणि पाटील पोट धरून जमिनीवर लोळत होते. घामाने चिंब, चेहरा राखेसारखा. सोजराबाई, म्हणजे त्यांची पत्नी, मोठ्याने रडत होत्या. चौघांनी उचलून त्यांना मोटारीत घातले. सोजराबाई मागे, मी पुढे.

ऊन असे, की डांबर टायरला चिकटत होते. चार मैल झाले आणि तुळशीराम म्हणाला, “भाऊ, आवाज वाढला. थांबतो. दहा मिनिटं थंड होऊ द्या, तेल टाकू द्या. डबा मी आनला हाये.”

मनाई असताना डबा आणलाच होता! पण ती वेळ त्या विषयाची नव्हती. मागे पाटील “मेलो, मेलो” म्हणत होते. मी काट्याकडे पाहिले. तो मध्यापासून बराच खाली होता, पण हिरव्यात होता.

“काटा ठीक आहे. थांबायचे नाही.”

“भाऊ, काट्याले नोका पाहू. ऐका जराक.”

“थांबायचे नाही!” मी ओरडलो. मागून पाटीलही ओरडले, “चालव बे!”

मी ऐकले. खरे सांगायचे तर ऐकू आले. कोणी पायाखालून हातोडीने ठोकावे तसे. पण काटा हिरव्यात होता. मी त्याच्यावरून नजर काढली नाही. तो हिरव्याच्या कडेला आला, तरी हिरव्यात होता. मग एक दणका बसला, मोटार सगळ्यांना पुढे फेकत घसटत गेली आणि थांबली. इतकी शांतता झाली, की दूर शेतात कोणीतरी बैलाला हाक मारल्याचे ऐकू आले. त्यानंतर काटा शून्यावर पडला.

इंजिन धरले होते.

रस्त्यावर सावली नाही. पाटील आता ओरडतही नव्हते, नुसते कण्हत होते. सोजराबाईंनी मला विचारले, “आता काय हो?” मी वही काढून वेळ लिहिली. का लिहिली ते माहीत नाही.

तुळशीराम मात्र शेतातून पळत गेला आणि मेहकरच्या बाजाराला वांगी घेऊन निघालेली एक बैलगाडी वळवून आणली. पाटलांना त्याने एकट्याने पाठीवर घेतले, टोपल्यांवर आपले धोतर अंथरले आणि त्यांना निजवले. नुसत्या लंगोटावर चार मैल गाडीशेजारी चालत त्याने सोजराबाईंची छत्री पाटलांवर धरली. मी मागून आलो. वाटेत पाटील दोन गोष्टी म्हणत होते. एक, देवा सोडव. दुसरी, वांग्याचे काटे टोचतात.

डॉक्टर म्हणाले मूतखडा आहे, जिवाला धोका नाही. पण आतड्याचे दुखणे असते तर एवढ्या वेळात आटोपले असते. सुई दिली. पाटील झोपले.

१५ मे, बुधवार

पाटील परत आले. खडा पडला. तो कागदात बांधून आणला आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात.

मंडळाची सभा झाली. गावात हसू झाले आहे. दवाखान्याच्या मोटारीतून निघालेला मोटारीचा दाता वांग्यांवरून पोचला, हे पोरेसोरेही बोलतात. पाटलांनी चौकशी करायला सांगितले आणि तिचा निष्कर्षही सांगितला. मी अहवाल लिहायचा.

तुळशीराम दाराशी उभा होता. मी त्याला म्हणालो, “काटा शेवटपर्यंत हिरव्यात होता, हे तर खरे?”

“खरं हाये.”

“मग इंजिन बिघडले ते चालवण्यातल्या हयगयीने.”

तो रागावला असता तर सोपे गेले असते. “भाऊ,” तो म्हणाला, “त्या दिवशी वहीत तुमच्या हातानं तीनदा आठ लिहिला तुमी. तेवढं लिहा ना अहवालात. बाकी माह्या नावानं काहीबी लिहा.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. पाटीलही. मी पाणी प्यायलो.

अहवाल लिहिला. दोन पाने झाली. भाषा चांगली उतरली आहे. 'मापकाची निवड निर्दोष होती. चालकाने लेखी मनाई मोडून तेलाचा डबा बाळगला, यावरून त्याचा बेशिस्तपणा सिद्ध होतो.' खाली सही केली. तुळशीरामला कामावरून काढले. त्याने किल्ली टेबलावर ठेवली. पाटलांना विचारले, “मालक, पोट कसं हाये आता?” पाटील खिडकीबाहेर पाहत “बरं हाये” म्हणाले. तो गेला.

सभेनंतर पाटलांनी सांगितले, पंचायत समिती गावात नळयोजना आणणार आहे, तिच्या मापकांसाठी माझे नाव सुचवतो. आनंद झाला. व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. ऊन फार आहे.

१९ मे, रविवार

बसने मेहकरला गेलो. मुलगी झाली! गुरुवारी दुपारी. बाळ आडवे होते, एकाएकी रक्त जाऊ लागले आणि अन्नपूर्णामावशीने दोन बायकांच्या मदतीने शालूला उचलून दवाखान्यात नेले. डॉक्टर मला म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर दोघींपैकी एकही हाती लागली नसती. नेमके त्याच वेळी ती दवाखान्याजवळ होती, हा केवढा योगायोग.

मुलगी काळीसावळी आहे, मुठी घट्ट आवळते. तिच्या अंगात नवे झबले होते. कोणी दिले विचारले, तर तुळशीरामच्या बायकोने. तो शुक्रवारी मेहकरला काम शोधायला आला होता, तेव्हा देऊन गेला म्हणे.

शालू भिंतीला टेकून बसली होती. फार अशक्त झाली आहे. तिला बरे वाटावे म्हणून अहवालाची नक्कल सोबत नेली होती, ती सबंध वाचून दाखवली. तिने मधे एकदाही अडवले नाही. इतक्या लक्षपूर्वक तिने माझे काही ऐकल्याचे आठवत नाही.

वाचून झाल्यावर म्हणाली, “ह्याच्यात तुळशीरामभाऊचं म्हननं कुठं हाये?”

“ते अहवालात येत नसते.”

“अन् ते आठ?”

मी म्हणालो, ते तांत्रिक आहे, तुला कळणार नाही. तिने मुलीला पदराखाली घेतले आणि भिंतीकडे तोंड केले. मी थोडा वेळ बसलो. मावशी चहा विचारायच्या विसरल्या असाव्यात.

निघताना विचारले, दमणी केव्हा पाठवू, महिन्याने?

“नोका पाठवू. पोरगी आपल्या पायानं चालाले लागली का मंग पाहू.”

म्हणजे वर्ष तरी जाईल. मेहकरची हवा तिला फारच मानवलेली दिसते.